कोंबड्या घरातून हलवू नयेत

मी, खाली सही करणारी, जन्मभर शिलाईकाम करून संसार केलेली बाई, बुद्धी शाबूत असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. भीती वाटते आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. उद्या दवाखान्यात भरती होते, परवा पोटाची शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणतात, "काही होत नाही हो, मावशी." काही होत नाही, तर आधीच कागदांवर सह्या कशाला घेतल्या?

१. घर माझ्या नावावर आहे. माझ्या पश्चात ते मुलगा व मुलगी यांना निम्मे-निम्मे मिळावे. मात्र माझे यजमान हयात असेपर्यंत त्यांना तिथून हलवू नये, आणि परसातल्या कोंबड्यांनाही. या कलमासाठीच हा सगळा खटाटोप. मुलगा कालच म्हणाला, "आई, तुझं काही बरंवाईट झालं तर बाबांना कोंबड्यांचा व्याप झेपायचा नाही. देऊन टाकू कोणाला तरी." तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला आहे.

२. शिलाई मशीन मुलीला. मोठी कात्री जाऊबाईंकडे आहे. "दोन दिवसांत देते" म्हणून नेली, त्याला तप उलटलं. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी, पण मी माफ केलं असं कोणी परस्पर सांगू नये. बँकेतली ठेव दोन्ही मुलांना सारखी.

३. दाणे टाकले की रोज अंडं, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे नीट वाचावे. परसात एक कोवळं रोप शिल्लक राहणार नाही. पिसं झडू लागली की कित्येक आठवडे अंडं मिळत नाही आणि कोंबडी बघवत नाही. ती आजारी नसते. घाबरून मला फोन करायची सोय तेव्हा नसेल. कवच मऊ आलं तर शिंपल्याची भुकटी द्यावी. काळी कोंबडी खुडूक होऊन अंडी उबवायला बसली की टोचते, जावईबापूंनाही सोडत नाही. अंधारायच्या आत सगळ्या आपणहून खुराड्यात शिरतात, मागे धावू नये. फक्त दार लावावे व कडी पुन्हा बघावी. शेजारचा बोका टपलेलाच असतो. त्याच्या मालकिणीला या मृत्युपत्राने काहीही मिळणार नाही.

४. यजमान बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्तीनंतर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. जेवायला हाका मारल्या तरी उठायचे नाहीत. मी फार घाबरले होते. शिवता शिवता उठून बघून यायचे, श्वास चालू आहे ना. मग एका गिऱ्हाईक बाईने घर बदलताना दोन कोंबड्या आमच्याकडे सोडल्या. सकाळी त्यांनी असा कालवा केला की हे वैतागून उठले. "अगं, यांच्याकडे कोणी बघणार आहे की नाही?" म्हणाले आणि चपला घालून बाहेर गेले. त्यानंतर एक दिवस चुकला नाही. संध्याकाळी खुराड्याशी उभे राहून ओरडतात, "चला, आत सरका, आत भरपूर जागा आहे!" मी आतून ऐकते आणि मला हायसं वाटतं.

५. मुलांनो, कोंबड्या नेल्यात तर हे पुन्हा भिंतीकडे वळतील, आणि तेव्हा उठवायला मी नसेन. मला मरणाची नाही एवढी याची भीती वाटते. म्हाताऱ्या होऊन मेल्या तर नव्या तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणाव्यात. खुराडं झाडायला माणूस लावू नये. हे कुरकुरतील, कुरकुरू द्यावे.

६. वरची दोन कलमे यांना वाचून दाखवू नयेत. "माझ्यासाठी काय लिहून गेली?" असं यांनी विचारलं, तर एवढंच सांगावे: कोंबड्यांना तुमच्याशिवाय कोणी नाही, म्हणाली.

लिहून ठेवणारीची सही

आमच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. शेजारचे घड्याळदुरुस्तीवाले काका
२. माझ्या हाताखाली शिवण शिकलेली मुलगी

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: १९ जानेवारी