आठ ग्लास पाणी आणि दोन कुलपं

सोमवार, ३ नोव्हेंबर

काय माणसं आहेत! शाळेच्या समितीचं नाव 'समता, स्वास्थ्य आणि सुरक्षा' — आणि आजची सगळी बैठक कशावर गेली, तर मुलांच्या संडासांना कुलूप असावं की नसावं!

नव्या मुख्याध्यापिका बाई उभ्या राहिल्या. काटकुळ्या, पण आवाज खणखणीत. म्हणाल्या, "दोन्ही संडासांची कुलपं काढायची आहेत. मुलं दिवसभर दाबून बसतात." मंडळी अशी दचकली, जणू बाईंनी तिजोरी उघडी टाकायला सांगितली. गेल्या वर्षी कुणा कार्ट्याने नळ तोडला, तेव्हापासून हे कुलूप. किल्ली ऑफिसात, कारकुनाकडे. मुलाने मागायला जायचं आणि हा सगळ्यांदेखत विचारणार, "एक की दोन?" याला म्हणायचं सुरक्षा! शिक्षकांचा संडास उघडा. पाहुण्यांच्या संडासात तर वासाचा साबण.

समितीतले डॉक्टर म्हणाले, "शिस्त नावाचीही काही गोष्ट असते, बाई." हे मुलांचे डॉक्टर! मैदानावर यांचं ठरलेलं भाषण — रोज आठ ग्लास पाणी प्या. मी त्यांचं नावच आठ ग्लास ठेवलंय. प्यायचं आठ ग्लास, आणि सोडायचं कुठे? खिशात?

बाईंची नोकरी अजून कच्ची आहे. सतरा तारखेला समिती ठरवणार — ठेवायचं की नारळ द्यायचा. अशा वेळी कुणी कुलपाला हात घालतं का! आणि घालायचाच तर विचारायचं कशाला? चार स्क्रू काढायचे, मोकळं व्हायचं.

मी गप्प होतो. कुलपं माझ्याच दुकानची. फूटपाथवर बसून किल्ल्या घासल्या, आज समितीत खुर्ची आहे — तीही सभागृहाची दारं फुकट बसवून दिली म्हणून. गिऱ्हाइकाशी वाकडं घेऊन धंदा होत नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

नातीने दप्तर टेबलावर टाकलं. पाण्याची बाटली 'धप्प' वाजली. रिकामी असती तर 'टण्ण' वाजली असती. कुलपांची पोटं ऐकून कान तयार झालेत माझे. काल पण धप्प. परवा पण.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज धरलंच तिला. "काय गं, शाळेत पाणी कडू लागतं का?"

"प्यायलं की जावं लागतं, आजोबा."

"मग किल्ली मागायची."

"मला मिळते. कारकूनकाका लगेच देतात. म्हणतात, शेठची नात ना तू! पण तिला नाही देत."

तिला म्हणजे हिच्या बाकावरची मैत्रीण, सायकल दुरुस्तीवाल्याची मुलगी. फी माफ असलेली. तिला म्हणे, "आत्ताच कशी लागली? सुट्टीत जा." मागच्या आठवड्यात बिचारीचं वर्गातच झालं. पोरं हसली. तेव्हापासून ती थेंब तोंडात घेत नाही — आणि म्हणून हीसुद्धा नाही!

"अगं पण तू का?"

"ती पीत नाही ना!" अशा सुरात, जणू आजोबांना साधी बेरीज येत नाही.

सुनेला म्हटलं, पोर आजारी पडेल. भांडी पुसता पुसता ती म्हणाली, "समितीत तुम्हीच आहात ना, बाबा?" बोलते कमी, पण लागेल असं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

आठ ग्लास स्वतः दुकानात! पंखा माझ्याकडून स्वतःकडे वळवून घेतला आणि बसले. "शेठ, बाईंना काढायचं जवळजवळ नक्की. तुमचं मत आपलंच धरतो. आणि ती कुलपं खिळखिळी झालीत. जरा भारीतली द्या — बाईंचा भरवसा नाही."

चहा पाजला. म्हटलं, "डॉक्टर, अशी देतो की बघत राहाल." खूश होऊन गेले. माणूस शिकला की ऐकणं बंद करतो की काय, कोण जाणे!

दुपारी शटर अर्धं ओढून बसलो. दोन दांडगी पितळी कुलपं उघडली आणि आतल्या, दांडी अडवून धरणाऱ्या लिव्हरी काढून टाकल्या. आता किल्ली फिरवली की 'खट्' असा रुबाबदार आवाज येतो. पण दांडी धरून खाली एक झटका दिला — की उघडं! दुकानाच्या पाटीवर लिहिलंय, 'आमचं कुलूप आमच्याच किल्लीने उघडतं.' एकटाच हसत बसलो.

सोमवार, १० नोव्हेंबर

कुलपं लागली. आठ ग्लासनी स्वतः किल्ली फिरवून पाहिली. "वा! नुसता आवाजच सांगतो." गाढव!

नातीला झटका शिकवला. बजावलं, "फक्त मैत्रिणीला सांग हं."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या शाळेला कळलं. बाटली — टण्ण!

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शाळा सुटल्यावर बाई दुकानात आल्या. वाटलं, आभार मानणार. मी खुर्ची पुसली.

"काका, हा झटका तुमचाच ना?"

"कसला झटका, बाई?" — आणि डोळे मिचकावले.

बाई हसल्या नाहीत. "मुलं इकडेतिकडे बघत, चोरासारखी आत शिरतात. एक बाहेर पहाऱ्याला उभी. आपल्याच शाळेत, आपल्याच संडासात जायला! आणि तुम्हाला गंमत वाटते."

"काम झालं ना पण?"

"ज्याला झटका जमत नाही त्याचं नाही झालं. पहिलीतल्यांचे हात पुरत नाहीत. त्या दिवशी बैठकीत तुम्ही एक वाक्य बोलला असतात ना काका, तर काम झालं असतं."

चहा तसाच ठेवून गेल्या. मला शहाणपण शिकवते! नोकरी कच्ची, जीभ पक्की!

...पहिलीतली पोरं माझ्या लक्षातच आली नव्हती.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आठ ग्लास उभे राहिले. "भारी कुलपं लावल्यापासून किल्ली मागायला एकही मूल आलेलं नाही. याचा अर्थ काय? गरज नव्हतीच! नुसता टवाळपणा होता, आणि बाईंनी त्यावरून शाळेची बदनामी केली."

अध्यक्ष डुलकीतून जागे झाले. "पटण्यासारखं आहे."

गंमत मी केली आणि फास बाईंच्या गळ्यात! बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सगळं ठाऊक होतं त्यांना. एक शब्द बोलल्या असत्या तर सुटल्या असत्या — पण मग मुलांची वाट बंद झाली असती. त्यांनी समोरची वही मिटली.

मी म्हटलं, "त्यातलं एक कुलूप आणवा."

टेबलावर ठेवलं. आठ ग्लासना म्हटलं, "तुम्हीच लावा. किल्ली खिशात टाका." त्यांनी लावलं. खट्! मग मी दांडी धरली आणि झटका दिला.

कुलूप उघडं!

समितीतले वकीलसाहेब उसळले. "म्हणजे शेठ, तुम्ही शाळेला खोटा माल विकलात?"

"हो. आणि पोरं रोज जातायत. किल्लीशिवाय. नळ सगळे शाबूत आहेत — उठा, बघून या."

कुणी उठलं नाही! दहा पावलांवर संडास, पण एकही समता, एकही सुरक्षा खुर्चीतून हलली नाही. आठ ग्लास म्हणाले, "प्रश्न नळाचा नाही, विश्वासाचा आहे." निर्णय बुधवारवर ढकलला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

गावभर झालं. सकाळपासून तीन जण आले, कुलपं परत करायला. एक जण तर माझ्यासमोर झटका देऊन देऊन बघत होता. उघडेना, तर त्यालाच राग आला!

बुधवार, १९ नोव्हेंबर

बाईंना काढलं. मलाही, समितीतून. शाळेची नवी कुलपं समोरच्या दुकानातून आली — चांगली आहेत, जाऊन पाहिली. संध्याकाळी नातीची बाटली धप्प.

उद्या प्रार्थनेच्या वेळी जातो. सगळी शाळा मैदानात उभी असते. कुलपांना हात लावायचा नाही, दारांचे कोयंडेच कापून काढायचे. कटरचा आवाज फार होतो.

होऊ दे.