तीन किलोवॅटचा परवाना आणि घरातलीच हरकत

आदरणीय व्याहीबुवांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हाताला ग्रीस लागलंय, त्यामुळे प्रत्यक्षात जोडलेले नाहीत, पण भाव जोडलेलाच आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? माझ्या लेकीनं, म्हणजे तुमच्या सूनबाईनं, फोनवर सांगितलं की जिना उतरताना तो वाजतो. वाजू द्या. वाजणारी वस्तू चालू असते, काळजी करावी ती अचानक गप्प झालेल्या वस्तूची, असा माझा गिरणीतला चाळीस वर्षांचा अनुभव आहे. इकडे सगळं क्षेम. तुमच्या विहीणबाई ठणठणीत आहेत आणि मी त्यांच्या नजरेखाली आहे.

पत्राला उशीर झाला, कारण मध्यंतरी मी वीज कंपनी झालो. थट्टा नाही, सरकारी शिक्क्याचा कागद आहे. आमची ओढ्यावरची पाणचक्की तुम्ही लग्नाच्या बोलणीला आलात तेव्हा पाहिली होती. पुढे लोक तयार पीठ पिशवीतून आणू लागले, दळणं बंद झाली आणि चाक नुसतंच फिरत राहिलं. रिकामं फिरणारं चाक आणि रिकामा फिरणारा नवरा, दोन्ही एकाच घरात बघणं हिच्या जिवावर आलं. “त्या चाकाला कशाला तरी जुंपा, नाहीतर स्वतःला जुंपून घ्या,” असं तिनं बजावलं. मग भंगारवाल्याकडून जुनं जनित्र आणलं, पट्टा चढवला आणि घरात दिवे लागले. एकूण तीन किलोवॅट. तुम्ही उभी हयात वीज उपकेंद्रात काढलीत, तेव्हा हे तुम्हाला सांगणं म्हणजे सूर्यापुढे काजवा. पण आमच्या आळीत दुपारी गेलेली वीज दिवेलागणीनंतरच येते, त्यामुळे इथे काजव्यालाही मान आहे.

शेजारी एक शिवणवाल्या बाई राहतात. एक पाय अधू, म्हणून मशीनला मोटर लावलेली. वीज गेली की मशीन बंद आणि बाई हातशिलाई करत बसायच्या. मी भिंतीवरून त्यांच्याकडे एक तार टाकली. आठ दिवस मशीन घरघरलं. नवव्या दिवशी बाई दारात येऊन म्हणाल्या, “बिल कुठंय?” मी म्हटलं, बिल कसलं, चाक असंही फिरतंयच. तर म्हणाल्या, “फुकटची वीज मला नको. मी कुणाचे कपडे फुकट शिवत नाही, आणि कुणाकडून फुकट घेत नाही.” आणि माझ्यादेखत कात्रीनं तार कापायला निघाल्या. (व्याहीबुवा, चालू तार. मी आधी धावत जाऊन पट्टा उतरवला, मग त्यांची समजूत काढली आणि रीतसर बिल देता येईपर्यंत तार सोडवून ठेवली.)

आता वीज फुकट वाटली तर पुण्य, विकली तर परवाना. जिल्हा कचेरीतल्या चष्मेवाल्या कारकुनांनी मला पहिल्याच दिवशी कळवळून सांगितलं, “आजोबा, दान करा, सुटाल.” मी म्हटलं, करतो, पण घेणारा तयार नाही. एका बाईच्या स्वाभिमानापायी मी बत्तीस पानांचा अर्ज घरी आणला.

त्या अर्जात पहिला रकाना होता क्षमतेचा, मेगावॅटमध्ये. दशांश चिन्हाच्या पुढे घरं दोनच. माझे तीन किलोवॅट त्यात कुठेच मावेनात. कारकुनांनी हिशेब केला, पुन्हा केला आणि खेदानं म्हणाले, “तुमची क्षमता शून्य येतेय.” हे मी घरात बरीच वर्षं तोंडी ऐकत होतो, लेखी पहिल्यांदाच मिळालं. पुढचा रकाना, ‘चिमणीची उंची’. मी विचारलं, आमच्याकडे धुरांडं नाही, काय लिहू? ते म्हणाले, काहीही लिहा, रिकामं सोडू नका. आमच्या वळचणीला चिमण्या आहेत. मी प्रामाणिकपणे ‘चार बोटे’ असं लिहिलं. महिन्याभरानं पत्र आलं की आपल्या चिमणीची उंची नियमापेक्षा फारच कमी असल्यानं आसपासच्या रहिवाशांना धोका संभवतो. मग मी मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करून दिलं की सदरहू चिमणी हा पक्षी आहे, ती धूर सोडत नाही आणि जे सोडते ते मी स्वतः पुसतो. ते मान्य झालं. (नक्कल जपून ठेवली आहे. ही म्हणते, तुमच्या हातून झालेलं हे एकमेव खरं लिखाण.)

शेवटी जाहीर नोटीस निघाली, की या गृहस्थांनी वीज विकण्यास कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी. मला वाटलं, माझ्या शून्य क्षमतेला कोण हरकत घेणार? एकोणतिसाव्या दिवशी एक आली. रीतसर नोंदणी टपालानं तिची प्रत मला आली, हिनंच सही करून घेतली, माझ्या चहाशेजारी ठेवली आणि कुंड्यांना पाणी घालायला निघून गेली. हरकतदाराच्या जागी हिचं नाव होतं.

मी ते पाकीट उघडलंच नाही. घरातलं भांडण टपालानं वाचायचं नाही, असा बाणा धरून बसलो. पंधरा दिवस आम्ही दोघं मिठाचं बोललो, दुधाचं बोललो, हरकतीचं नाही. राग होताच, खोटं कशाला सांगू. बाईंचं मशीन बंद पडलेलं रोज दिसत होतं आणि आडवं कोण आलं, तर घरचंच माणूस.

सुनावणीला आम्ही एकाच बसनं गेलो. जाणार आणखी कसे? शिपायानं विचारलं, अर्जदार कोण, हरकतदार कोण, आणि दोघांना समोरासमोरच्या वेगळ्या बाकांवर बसवलं. डबा मात्र एकच होता. अर्जदाराकडून हरकतदाराकडे तो डबा पोचवता पोचवता शिपाई दमला आणि अखेर हिच्याच शेजारी बसून जेवला. मलाही मग तिकडेच बोलावलं.

अधिकारीबाई आपल्या मुलांच्याच वयाच्या होत्या. त्यांनी हिला विचारलं, “आजी, तुमची हरकत काय आहे?”

ही उभी राहिली. पदर नीट केला. म्हणाली, “चाकापुढच्या पाण्याच्या जाळीला पाला अडकला की चाक थांबतं. तो काढायला हे खाली खड्ड्यात उतरतात. पायऱ्यांना शेवाळ आहे. गेल्या वर्षी घसरले, मला तीन दिवस सांगितलं नाही, लंगडत होते ते मला दिसत नव्हतं जणू. आता तुम्ही पंचवीस वर्षांचा परवाना देणार. हे आज अडुसष्टचे आहेत. म्हणजे पंचवीस वर्षं हे रोज खाली उतरणार आणि मी वर उभी राहून कान देणार, असं त्या कागदात लिहिलंय. विजेला माझी हरकत नाही. एकट्यानं उतरायला आहे.”

मी छताच्या पंख्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मला वाटायचं, ही खड्ड्याच्या काठाशी कपडे वाळत घालायला येते. रोज यायची, पावसातसुद्धा. (पावसात कपडे वाळत घालत नाहीत, हे मला त्या खोलीत पहिल्यांदा सुचलं.)

अधिकारीबाईंनी मला विचारलं, “तुमचं म्हणणं?”

मी म्हटलं, “हरकत बरोबर आहे.” चष्मेवाले कारकून म्हणाले, अर्जदारानं असं म्हणायचं नसतं. मी म्हटलं, मग लिहू नका.

परवाना मिळाला. त्यात हातानं सातवी अट घातली आहे: ‘काठावर दुसरी व्यक्ती हजर असल्याशिवाय अर्जदाराने खाली उतरू नये.’ बाईंचं मशीन पुन्हा घरघरतंय. पहिलं बिल मी स्वतः नेऊन दिलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, शुद्धलेखनाची चूक दाखवून परत केलं आणि दुसरं मागितलं. सुनावणीहून परतताना बसमध्ये हिनं मला खिडकीची जागा दिली.

कळावे, लोभ आहेच, तो तीन किलोवॅटपेक्षा बराच जास्त आहे.

तुमचा व्याही

ता. क. वर लिहायचं राहिलं. सातव्या अटीतली दुसरी व्यक्ती विजेच्या कामाचं प्रमाणपत्र असलेलीच हवी, असा नियम आहे. असं प्रमाणपत्र आपल्या दोन्ही घरांत फक्त तुमच्याकडे. तुम्ही आला नाहीत तर परवाना रद्द होईल आणि शिवणवाल्या बाईंचं मशीन तुमच्यामुळे बंद पडेल. सूनबाई म्हणाली, तिच्या सासूबाई गेल्यापासून तुम्ही संध्याकाळी दिवा लावायचं विसरता आणि तसेच अंधारात बसता. उपकेंद्रातल्या माणसाला हे शोभत नाही. नियम म्हणजे नियम, तेव्हा निघा.

ता. क. दुसरा. (अक्षर माझं, म्हणजे विहीणबाईंचं.) भाऊ, पत्र टाकायच्या आधी मी वाचलं. अटीत प्रमाणपत्राचा शब्दसुद्धा नाही. दुसरी व्यक्ती म्हणून अधिकारीबाईंनी त्याच दिवशी माझं नाव लिहून घेतलं, आणि शेवाळ मी घासून काढलंय. यांना कुणाला सरळ ‘या’ म्हणता येत नाही, म्हणून सरकारला मध्ये घालतात. तुमची इथे कामाला काही गरज नाही. तुम्ही या. खालची खोली झाडून ठेवली आहे, कोपऱ्यातून अजून पीठ निघतं, ते मनावर घेऊ नका. येताना तुमची उशी तेवढी आणा, दुसऱ्या उशीवर तुम्हाला झोप लागत नाही असं ऐकलंय.