पेठला रोज एक जानेवारी

प्रिय अण्णा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा लिहितेय. एरवी तुमच्या फोटोशी दोन शब्द बोलले की भागायचं. पण परवा पेठला जाऊन आले, आणि तेव्हापासून फोटोसमोर उभं राहायचा धीर होत नाही.

फोन कल्पनाताईंचा आला होता. पेठच्या वाचनालयातल्या. तुम्ही दर गुरुवारी एसटीने जाऊन ज्यांना कॉम्प्युटर शिकवायचात, त्या. म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण तुमचा वाढदिवस नक्की कधी असतो?"

"एक जानेवारी. का हो?"

"इथं रोजच असतोय. अण्णा सांगतात ना."

मी हातातलं काम तसंच टाकून निघाले, अण्णा!

तुमचा तो घरचा जुना कॉम्प्युटरचा डबा, तुम्ही मांडीवर घेऊन पेठला पोचवलेला, अजून चालतोय हेच मला माहीत नव्हतं. त्यावर अजून ओसरी आहे हे तर त्याहून नाही.

ओसरी! सिन्नरच्या कारखान्यात उभा जन्म फिटर म्हणून काढलात आणि निवृत्तीनंतर कॉम्प्युटरपुढे बसलात, तेव्हा माऊस पान्यासारखा मुठीत आवळून धरायचात. मग तुम्हाला ही सिस्टीम सापडली. फुकट, सगळ्यांना उघडी, परदेशातल्या चार हौशी माणसांनी पहिल्यांदाच कॉम्प्युटर बघणाऱ्यांसाठी बनवलेली. मोठी बटणं, थोडक्यात काम. तुम्ही तिचं मराठी करायला घेतलंत आणि आपल्या परीनं तिचं बारसंही केलंत. "घरात शिरायला माणूस बिचकतं गं विजू. ओसरीवर कुणीही टेकतं."

मी हसायचे. काही चुकलं की तुमची ओसरी म्हणायची, 'तुमच्या हातून काही बिघडलेलं नाही. पुन्हा करून बघा.' मी म्हटलं, "अण्णा, एवढं लांबलचक कोण लिहितं? सरळ 'त्रुटी' लिहा." तुम्ही म्हणालात, "त्रुटी वाचली की माणूस उठून जातो. मी उठलो होतो."

चांगली सात-आठ वर्षं चालली ती. नवी आवृत्ती आली की तुम्ही पेढे आणायचात! मग त्या चौघांतला एक आजारी पडला, एकाला नोकरीतून सवड मिळेना, तुमच्या पत्रांना उत्तरं येईनाशी झाली. शेवटी त्यांनी कळवलं की ही आवृत्ती शेवटची, पुढे कुणाला चालवायची तर खुशाल घ्या.

त्या दिवशी तुमचा फोन आला. "विजू, तू यातलीच आहेस. थोडं थोडं सांभाळशील का?"

आणि मी काय म्हणाले? "मेलेल्या सिस्टीमवर कोण वेळ घालवतं, अण्णा!"

तुम्ही नुसतं "बरं" म्हणालात. रागावला का नाहीत हो? रागावला असता तर मी भांडून मोकळी झाले असते.

पेठला पोचले तेव्हा भर दुपार होती. वाचनालयात आम्ही दोघीच. कल्पनाताई म्हणाल्या, "चालू केला की एक जानेवारीच दाखवतो. इंटरनेट उघडत नाय. पोरांना तर सवयच झालीय, ती ओरडतात, 'केला, अण्णा, फोन केला!' मग गप होतो."

कारण मला लगेच कळलं. आतला छोटा सेल संपला की मशीनला तारीख धरून ठेवता येत नाही. बंद करून चालू केलं की ते पुन्हा एका ठरावीक जुन्या एक जानेवारीवर जाऊन उभं राहतं, आणि तारीख चुकली की इंटरनेटही अडतं. आणि दर एक जानेवारीला वाजेल अशी आठवण तुम्ही स्वतःसाठी तुमच्याच आवाजात लावून ठेवली होती. साधी गोष्ट. मी बटण दाबलं.

"आज विजूचा वाढदिवस. सकाळीच फोन कर, नंतर ती कामात असते."

अगदी कानाशी, अण्णा. घसा खाकरण्यासकट.

पोरं एवढ्यावर पडद्यावरची ती खिडकी बंद करतात. मी केली नाही. पट्टी पुढे सरकतच होती. रेकॉर्डिंग थांबवायचं तुमच्याकडून राहून गेलं असावं. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. फोनची बटणं. पलीकडे वाजत राहिलेली रिंग. मग तुम्ही हळूच म्हणालात, "उचलत नाही गं. असेल कामात."

आणि बशीत कप ठेवल्याचा आवाज झाला. तुमच्यापासून जरा लांब.

कुणाशी बोलत होतात, अण्णा? फाइलवरच्या तारखेप्रमाणे तुम्ही ही आठवण भरलीत तेव्हा आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात तुम्ही एकटे होतात.

कल्पनाताई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनाही ऐकू आलं होतं.

मी झाकण उघडून नवा सेल घातला. हात दोनदा थांबला. सेल बदलला की तुम्ही रोज बोलायचं थांबणार, हे ठाऊक होतं. पण पोरांना मशीन हवं होतं. आजची तारीख लावली, पुन्हा चालू केलं. आवाज आला नाही. पडदा उजळला आणि त्यावर तुमची एक ओळ उमटली, मी कधीच न वाचलेली:

'बऱ्याच दिवसांनी आलात! बरे आहात ना?'

मशीनच्या तारखेत मधे फार दिवस गेले की ओसरी असं विचारते. इतकंच. मला कळतं ते.

"उत्तर द्या ताई," दारातून कल्पनाताई म्हणाल्या.

मी मोठ्यांदा म्हटलं, "बरी आहे." मग रडू आवरेना.

ते रेकॉर्डिंग मी घरी आणलं नाही. पुसायलाही निघाले होते, पण कल्पनाताईंनी हात धरला. "राहू द्या. खोलीत माणसाचा वावर असलेला बरा."

अण्णा, ओसरी पुन्हा उभी करीन असं म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण तुमची मराठी वाक्यं मी सगळी काढून घेतली आहेत. नवख्यांसाठीची दुसरी एक सिस्टीम आहे, चांगली चालती, तिचं मराठी फार कोरडं आहे. रोज थोडी थोडी करून तुमची वाक्यं तिथे पोचवीन, तुमच्या नावानिशी. काल पहिली दहा धाडली. तिकडे मराठी तपासणाऱ्या कुणी विचारलं, हे इतक्या मायेनं कोण लिहितं? मी लिहिलं, माझे वडील. लिहितात.

तुमची,
विजू