ओढ्यापलीकडची मोजणी

मल्हार वस्ती, वळसंग
१ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. ऋतुजास, जोतिरामकाकाचे अ. आ.

डोक्यावर हंडे वाहून मान मोडलेल्या माझ्या माळावरच्या बंधुभगिनींनो, असं भाषणाच्या सवयीनं लिहिलं आणि खोडलं. फोनवर माझं बोलणं तू अर्ध्यात तोडतेस, म्हणून पत्र.

वळसंगहून आलेली पाइपलाइन ओढ्याशी थांबली आहे. पलीकडं आपण: बाभळीखाली चार घरं, बाकीची माळावर विखुरलेली. शंभर माणसं भरली तरच नळ ओढा ओलांडणार. ग्रामसेवक अभिमन्यू मोजायला आला. घरात माणसं किती, असं त्यानं तुझ्या काकूला विचारलं. केराबाई म्हणाली, हायत की देवाच्या दयेनं. आकडा विचारला तर म्हणाली, माणसं काय मोजायची असत्यात व्हय, नजर लागंल की. दारोदार हेच उत्तर. त्यानं उंबऱ्यावर दिसली तेवढी लिहिली. बाकीची मेंढरांमागं होती. आपण इथं जन्मलो, वाढलो, आणि कागदावर निम्मे नाहीतच? भांडून पुन्हा मोजणी मिळवली आहे. पण दिवाळीनंतर मेंढरं निघाली की माळावर कुत्रंही उरणार नाही. उपाय सुचव.

तुझा,
जोतिरामकाका


जुळे सोलापूर
६ ऑक्टोबर २०२५

ती. काकांस, ऋतुजाचा शि. सा. न.

पत्र ऑफिसात वाचलं आणि एकटीच हसत सुटले. साहेबांनी बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

मेंढरं मोजताना तरी तुम्ही आकडा कुठं बोलता? संध्याकाळी वाघरीच्या जाळीत एकेक मेंढी शिरते, तुम्ही एकेक खडा टाकता. माणसंही तशीच सोडा. खडे अभिमन्यूभाऊंना मोजू द्या. काकूला सांगा, हंडा उचलताना कंबर सांभाळ.

माया राहू द्या.
ऋतुजा


मल्हार वस्ती, वळसंग
१३ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. ऋतुजास, अ. आ.

तुझी युक्ती केली. रंभाबाई नवं लुगडं नेसून वाघरीत वाकली. पोरांना खेळ सापडला. पोरं मागून निघून पुन्हा रांगेत. सिद्धारामनं अक्कलकोटकडचे पाहुणे घुसवले, ते कानडीत हसत आत गेले. चार शेळ्यांचेही खडे पडले. वस्ती वळसंगपेक्षा मोठी भरली. अभिमन्यूनं खडे फेकले, म्हणाला, वस्तीतल्याच कुणीतरी घरोघर मोठ्यानं मोजावं, खाली नाव घालावं. येत्या शुक्रवारी शेवटची खेप.

मी उठलो. नजर लागणं हे खूळ आहे, यावर असा बोललो की शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या. मग अभिमन्यू म्हणाला, काका, आपल्याच घरापासून करा सुरुवात. मी नातवंडांकडं पाहिलं. धाकट्याला परवाच ताप येऊन गेला होता. म्हणालो, हायत की देवाच्या दयेनं. केराबाई एवढी हसली की भरला हंडा कलंडला, आणि ती पुन्हा ओढा उतरून पाण्याला गेली. ते हसणं सोसलं. तो हंडा सोसवत नाही.

येताना तिनंच निकाल दिला: सासरी गेली तरी लेक वस्तीचीच, आन् तिची नजर माहेराला लागत न्हाय.

तेव्हा शुक्रवारी रजा टाक, पहिल्या एसटीनं ये आणि आपली वस्ती दारोदार मोठ्यानं मोज. आम्ही कानावर हात ठेवून उभे राहू.

लोभ आहेच. तो किती, ते मात्र विचारू नकोस.

तुझा,
जोतिरामकाका