लांबमान्या आणि माझा मफलर

४ नोव्हेंबर, सोमवार
वडील म्हणाले होते, "लांबमान्या दिसला तर तुलाच दिसेल रे. एवढा वेळ दुसऱ्या कुणाला आहे?" मी तेव्हा बारा वर्षांचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी तलावाकाठी बसलो होतो. असा विश्वास त्यांनी माझ्या धाकट्या भावावर कधीच दाखवला नाही.

पुढे वडिलांचीच नोकरी मला मिळाली. रोज सकाळी सहाला तलावाच्या धक्क्यावर जायचं, खांबावरच्या पट्टीवर पाण्याची पातळी बघायची, रजिस्टरात लिहायची. सव्वीस वर्षं झाली. पातळी हे निमित्त. खरं काम लांबमान्यावर, तलावातल्या त्या प्राण्यावर, नजर ठेवण्याचं. खांबाएवढी मान, डोकं घोड्याचं, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण प्रत्यक्ष पाहिलेला एकही माणूस आज हयात नाही. म्हणजे जागा रिकामी आहे.

या हिवाळ्यात दिसणार. निश्चय पक्का. दुर्बीण पुसली.

आज धुकं होतं. धुक्यात तसंही दिसत नाही, मग कुडकुडण्यात काय अर्थ? पंपघरात मोटारीच्या उबेला बसलो. तिथली खिडकी रस्त्याकडे आहे, पण माझे कान तलावाकडे असतात. थंडीत पातळी हलत नाही. अनुभवी माणसाला आकडा बसल्या जागी कळतो.

५ नोव्हेंबर, मंगळवार
आज जाणारच होतो. गुडघा. पंपघर.

हिचा धाकटा भाऊ आठवडाभर राहायला आलाय. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. स्वतःचा नंबर उणे सहा. हिने त्याला माझ्या कपात चहा दिला. कपाचं काय एवढं? निळा होता, इतकंच.

६ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ९
मेहुण्याला लांबमान्या दिसला.

मी मफलर विसरलो म्हणून हिने त्याला माझ्यामागे धक्क्यावर पिटाळलं. येऊन एक दिवस झाला नाही माणसाला! सहा चाळीसला म्हणे पाण्यातून मान वर आली, इकडेतिकडे बघितलं आणि खाली गेली. विचारलं, डोळ्यांवर चष्मा होता का? "होता ना भाऊजी, पण काचांवर धुकं बसलं म्हणून काढला होता." चष्मा काढल्यावर दिसला! आणि हे दुकान चालवतात!

मग म्हणाला, "पण तुम्ही कुठे होतात? मी किती हाका मारल्या."
पलीकडच्या काठावर, असं सांगितलं.

ही त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती. "घाबरलास ना रे?" सव्वीस वर्षांत मला हे कुणी विचारलेलं नाही. मी घाबरायला तयार होतो.

७ नोव्हेंबर, गुरुवार
पेपरात फोटो. काल दुपारी वार्ताहर मुलगी येऊन काढून गेली. मेहुणा धक्क्यावर उभा, नजर दूरवर, गळ्यात माझा मफलर. हिने कात्रण आरशाच्या कडेला खोचलं. दाढी करताना शेजारी तो. गाल कापला.

ठरवलं, शास्त्रीय पद्धतीने हाणून पाडायचं. संपादकांना पत्र लिहिलं: तो लाकडाचा ओंडका होता. पेटीत टाकणार एवढ्यात लक्षात आलं, ओंडका असेल तर मी इतकी वर्षं वाट कुणाची बघतोय? पत्र फाडलं.

८ नोव्हेंबर, शुक्रवार
नवा मार्ग सापडला. वार्ताहर मुलीला फोन केला. मला तो नेहमीच दिसतो, गाजावाजा आवडत नाही इतकंच, असं सांगितलं. तिने विचारलं, "बुधवारीसुद्धा?" म्हटलं, मेहुण्याच्या आधी. सहा पस्तीसला. "मग तुमच्या रजिस्टरात असेलच ना काका? एवढा प्राणी वर आला म्हणजे पाणी हललं असणार." असणारच, म्हणालो. हुशार मुलगी आहे. उद्या ऑफिसात येतेय.

बुटांना पॉलिश केलं. मफलर परत मागितला. धुवायला टाकलाय म्हणे.

९ नोव्हेंबर, शनिवार
थोडक्यात लिहितो.

ऑफिसात साहेब, वार्ताहर मुलगी, मेहुणा. हीसुद्धा आली होती, ठेवणीतले कपडे घालून. माझा फोटो निघणार म्हणून. साहेबांनी रजिस्टर उघडलं आणि बोट फिरवत मोठ्याने वाचलं. बुधवार ४.२. गुरुवार ४.२. शुक्रवार ४.२. आज ४.२. बोट थांबेना. उद्या ४.२. परवा ४.२. थेट पुढच्या शुक्रवारपर्यंत.

साहेब शांतपणे म्हणाले, "येत्या मंगळवारचं पाणी तुम्ही कधी मोजलंत?"

तत्परता, म्हणालो.

"आणि गुरुवारी तलावाच्या दरवाजाच्या दुरुस्तीसाठी मी पाणी सोडायला लावलं. अर्धा मीटर खाली गेलंय. तुम्ही बसता कुठे सकाळी?"

पंपघर सांगावं लागलं. मेहुणा मध्येच म्हणाला, "साहेब, भाऊजींचा अनुभव दांडगा आहे." तो हे मनापासून म्हणाला. तेच सहन होत नाही.

मुलीने कॅमेरा बाहेर काढलाच नाही. भली आहे.

१० नोव्हेंबर, रविवार
ही दिवसभरात एकदाच बोलली. "तुम्ही त्या गारठ्यात उभे राहता म्हणून मी सव्वीस वर्षं पाचला उठून चहा केला."

पंपघरातही मोटार बंद असली की गारठाच असतो, हे सांगणार होतो.

११ नोव्हेंबर, सोमवार
नोकरी राहिली. पण आता रोज आकड्याशेजारी साक्षीदाराची सही लागणार.

पाचला उठलो. चहा मी केला. उतू गेला. धक्क्यावर गेलो, खरोखर. पट्टीवर ३.६. मेहुण्याने सही केली. पाऊण तास दोघे पाण्याकडे बघत उभे होतो. लांबमान्या आला नाही. तो "येईल हो भाऊजी" म्हणत राहिला, जसा काही त्याच्या ओळखीतला आहे. दुपारी गाडीने गेला. मफलरही गेला. ही म्हणाली, "असू दे, त्याला शोभतो."

संध्याकाळी हिला वडिलांचं वाक्य सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "अहो, ते तुमच्यावर रागावले होते."

पुष्कळ वेळ विचार केला. पाठीला मोटारीची ऊब नसली की असले विचार येतात.

उद्याला साक्षीदार नाही. हिला विचारणार आहे, सकाळी सहाला सहीपुरती येशील का धक्क्यावर? नाही म्हणेल. चुकून हो म्हणालीच तर आणखी एक विचारायचं आहे, आणि त्याला मात्र ती नक्की नाही म्हणेल: लांबमान्या वर आला, तर तेवढ्यापुरतं तू दुसरीकडे बघशील का?