नारळाचे पाणी

मुकुंदवाडी. मे महिना, शनिवार, सायंकाळ.

मी, नामदेव सखाराम जाधव, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी, निवृत्त गवंडी, गल्लीतील पहिल्या पक्क्या घराचा मालक. आज चित्त थाऱ्यावर नाही.

गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला. माझ्या दाराची दगडी पायरी, जी मी स्वहस्ते घडवून बसविली होती, त्याखाली गाडली गेली. पूर्वी लोक ती चढून माझ्या घरी येत. आता रस्ताच उंबरठ्याहून उंच आहे.

आज त्याचे उद्घाटन होते. नारळाचा मान वडीलधारा म्हणून मला. बाहेरून पोरांची हाक आली, "आबा, चला की! सरबत गरम व्हायलंय."

पत्नी म्हणाली, "पावसाळ्यात घरात पाणी शिरंल, अन् तुम्ही त्याच रस्त्यावर नारळ फोडाया निघाले व्हय?"

"मान नाकारणे शोभत नाही," मी म्हणालो.

सवयीने पाय पायरीसाठी खाली टाकला, तो रस्त्याच्या कडेवर आपटला. शेजारच्या रहीमभाईंनी हात पुढे केला. मी तो धरला नाही. धरावयास हवा होता काय?

माझ्या दारासमोरच नारळ फोडला. टाळ्या झाल्या. नारळाचे पाणी उतारावरून ओघळत थेट माझ्या उंबरठ्याशी आले आणि आत गेले. टाळ्या थांबल्या. ती पायरी असती तर...

रहीमभाई हळूच म्हणाले, "आबा, कल उंबरा ऊंचा करिंगे. सिमेंट है मेरे पास."

स्वतः गवंडी असून मी केवळ मान डोलावली.

समक्ष हजर: पत्नी कौसल्या, रहीमभाई, गल्लीतील समस्त पोरे. कोणीही हसले नाही. हसले असते तर बरे झाले असते.