काळ्या कपड्यांतली यष्टिरक्षक

प्रिय नोलुवो,

तुझ्या सासूबाईंच्या तोंडून तिखटमीठ लावून ऐकण्याआधी माझ्याकडूनच ऐक. काल नाताळाच्या दुसऱ्या दिवसाचा सामना झाला आणि मी त्यात काळे कपडे घालून खेळले. डोक्याच्या रुमालापासून मोज्यांपर्यंत सगळं काळं. फोनवर सांगितलं असतं, पण तुझा फोन वाजला की त्या घरात सगळ्यांचे कान टवकारतात. म्हणून हे पत्र, दवाखान्यातल्या नर्सबाईंच्या हाती.

तुला वाटेल, आईचं डोकं फिरलं. तुझ्या बाबांनाही तसंच वाटलं. पण आधी सकाळचं सांगते. खेळपट्टी आम्ही बायकांनी आदल्या दिवशीच सारवली होती, नेहमीसारखी, वारुळाची माती आणि शेण कालवून. तुझी आठवण सगळ्यांनीच काढली. लहानपणी तू ओल्या पट्टीवर पाय उमटवायचीस आणि शिव्या मी खायचे. तर सकाळी म्हटलं, नदी ओलांडून जावं आणि विहीणबाईंना विचारावं, पोरीला सामना बघायला तरी पाठवता का. खेळायला नाही, नुसतं बघायला. त्यांनी मला उंबऱ्यावरच गाठलं. "मादलोमो," म्हणाल्या, "ती अंधारात आहे. नवरा जाऊन वर्ष व्हायचंय अजून. तिची सावली पट्टीवर पडली आणि कुणाचा पाय मोडला, तर गावाला काय तोंड दाखवू?" तू आत चटईवर बसली होतीस. तू मान वर केलीस आणि परत खाली घातलीस, ते मी पाहिलं. तसंच पाहून मी परत आले, आणि नदीच्या अलीकडे येईपर्यंत माझं ठरलं होतं.

काळ्या कपड्यांची मी थट्टा करत नाही, नोलुवो. माझ्या आईने बाबांसाठी वर्षभर घातले, अंधार पडायच्या आत घरी आली, मोठ्याने बोलली नाही, आणि कुणी तिला तसं करायला लावलं नव्हतं. ल्वांदिलेसारख्या नवऱ्यासाठी वर्षभर काळं घालावं, हे मलाही पटतं. त्याचा ट्रक उलटला ते ऐकलं तेव्हापासून मला घास गोड लागलेला नाही. पण काळे कपडे गेलेल्याची आठवण राहावी म्हणून असतात. जिवंत माणसाला पुरायला नसतात. हे मी आता सगळ्यांसमोर बोलून चुकले आहे, तेव्हा लिहायला कसली भीती.

तर घरी आले, पेटीतून अंत्यविधीचा पोशाख काढला आणि त्यावरच पॅड बांधले. मैदानावर सगळे पांढऱ्यात आणि मी एकटी अशी. पंच म्हणून तात्या झोलिले होते, तुला पाचवीला शिकवायचे तेच. ते म्हणाले, "मादलोमो, पांढरे कपडे घालून या. हा खेळ आहे." मी म्हटलं, "माझा जावई गेलाय. माझं दुःख कमी आहे असं कुणी ठरवलं, गुरुजी? सावली पडून पाय मोडत असेल तर माझ्या सावलीनेही मोडू दे. बघू तरी कुणाचा मोडतो."  शेवटी तुझे बाबाच म्हणाले, "खेळू द्या हो तिला. संध्याकाळी हिच्यासोबत घरी मला जायचंय." कप्तानानेच असं म्हटल्यावर पंच काय करणार?

तुमच्या मझिनीवाल्यांनी आधी फलंदाजी केली. तुझे सासरे म्न्सेदिसी, आमचे व्याही, नेहमीसारखे सलामीला आले, पोट पुढे आणि बॅट मागे. यष्टीमागे मी त्यांच्या इतकी जवळ होते की माझ्या कपड्यांतल्या डांबरगोळ्यांचा वास त्यांना येत असणार. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाय कुणाचाच मोडला नाही, हे लिहून ठेवते. मी दोन झेल घेतले, त्यातला एक व्याह्यांचा. जाताना त्यांनी टोपी काढली, पण ती घाम पुसायला की मला मान द्यायला, ते कळलं नाही.

आमची फलंदाजी म्हणजे रडकथा. जोहान्सबर्गहून आलेली पोरं नुसती चष्मे लावून मिरवतात, चेंडू आला की डोळे मिटतात. शेवटच्या जोडीला मी आणि तुझे बाबा. तीन धावा हव्या होत्या. मी चेंडू तटवला आणि ते "ये ये" म्हणत सुटले आणि अर्ध्यात येऊन थांबले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हा माणूस अजून मध्येच थांबतो. मी धावबाद झाले आणि आम्ही हरलो.

मग काय, विहीणबाईंना तोंड फुटलं. झाडाखालून सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सांगत होते की नाही? काळा अंधार मैदानात आणला, हरलात." मी पॅड सोडत होते. म्हटलं, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पण एवढ्यावर मी थांबणार होते का? मी उठून सगळ्यांसमोर विचारलं, "विहीणबाई, हरलं कोण? आम्ही. जिंकलं कोण? तुम्ही. हरणाऱ्याने द्यायची मेंढी आमच्या गोठ्यातून जाणार आणि आधी खाणार तुमचं गाव. मग काळा रंग तुम्हाला लाभला ना? इतका लाभणारा रंग तुम्ही घरात चटईवर कशाला दडवून ठेवलाय?"

 आधी तात्या झोलिले हसले, मग बाकीचे. विहीणबाई हसल्या नाहीत. व्याहीसुद्धा नाही. मेंढी कापली, शिजली, सगळे जेवले. मला वाटलं, जरा जास्तच बोलले, आता हे पोरीला आणखी कोंडतील. रागाच्या भरात मी तुझंच वाटोळं केलं की काय.

तुला आठवतं, तुझ्या लग्नासाठी त्यांनी आम्हाला द्यायच्या गाईंची बोलणी चालली होती? आदल्याच वर्षी याच सामन्यात तू ल्वांदिलेचा मधला दांडा उडवला होतास आणि तो पुढचे सहा महिने आमच्या कुंपणापाशी घुटमळत होता. तुझे बाबा एका गाईवर अडून बसले, तेव्हा व्याही म्हणाले होते, "घ्या ती गाय. पण पोरगी आता आमच्याकडून चेंडू टाकणार." सगळं घर हसलं होतं. ल्वांदिले तर सगळ्यात जास्त.

काल हात धुताना व्याही माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मादलोमो, ती अजून डाव्या हातानेच टाकते ना?" मी म्हटलं, "हात कुणी बदललाय तिचा?" त्यांनी हात पुसले. मग म्हणाले, "ल्वांदिलेने लावलेली यष्टी अजून आमच्या अंगणात उभी आहे. पोरगी रोज तिच्या भोवतीने झाडते." आणि गेले. हो म्हणाले नाहीत. पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत, आणि त्या माणसाला नाही म्हणायला कधी वेळ लागत नाही.

म्हणून हे पत्र. नवीन वर्षाच्या दिवशी परतीचा सामना तुमच्या मैदानावर आहे. सोबत तुझे बूट पाठवते आहे, तेल लावून मऊ केलेत. पांढरे कपडे पाठवत नाही. काळेच घालून ये, वर्ष पूर्ण कर, ल्वांदिलेसाठी जे करायचं ते सगळं कर, पण चेंडू हातात घेऊन कर. सासूबाई अडवतील. सासरे बहुतेक दुसरीकडे बघतील, तेवढं पुरे. आमच्याकडून खेळायला बोलावत नाही मी तुला. तू त्यांची आहेस, त्यांच्याकडून टाक. मीही त्या दिवशी काळ्यातच येईन आणि या खेपेला सलामीला उतरेन, तुझ्या बाबांना काय वाटायचं ते वाटो. तू चटईवरून उठलीस की नाही, हे मला पलीकडच्या टोकाकडून चेंडू आला तरच कळेल.

तुझीच आई,
जिचा मधला दांडा तुला अजून एकदाही उडवता आलेला नाही